पाचगणीचा फारोख

सुर्ल्यासारख्या गावात पंचवीस-तीस वर्षे दवाखाना चालविणाऱ्या माणसाने पाश्चात्त्य रॉक संगीतातील गायकावर लेख लिहावा, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे कान घडले ते देवळातील भजनी सप्ताहात आणि जत्रेतील नाटकांच्या पदांवर. परंतु वैद्यकीय शिक्षणासाठी पणजीच्या वसतिगृहात राहावयास गेलो, तेव्हा खोलीतील सासष्टीकर सोबत्याकडे एक टेपरेकॉर्डर आणि ‘क्वीन’ या बँडच्या चार कॅसेट होत्या. परीक्षेच्या दिवसांत त्यांचा मला मनस्वी त्रास होई. एके रात्री चिडून मी म्हणालो, “तुझ्या त्या गोऱ्याला जरा गप्प कर.” तो हसून उत्तरला, “गोरो न्हय रे तो, पारशी! पाचगणीच्या शाळेंत शिकिल्लो.”

त्या रात्री मी पुस्तक मिटून पहिल्यांदा ती कॅसेट नीट ऐकली.

फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला ठाऊक झालेल्या या गायकाचे मूळ नाव फारोख बलसारा. आजच्या वलसाडचे जुने नाव बलसार. आडनाव त्यावरून आलेले. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल म्हणून झांझिबारला होते आणि तेथेच 5 सप्टेंबर 1946 रोजी फारोखचा जन्म झाला. आठ वर्षांच्या या मुलाला आईवडिलांनी बोटीने भारतात पाठविले, ते थेट सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जावयाचे, एरवी वसतिगृह. झांझिबार इतके दूर, की आईची भेट वर्षावर्षांनी. आपल्या घरातील आठ वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे या एका वाक्याचे वजन कळेल.

याच शाळेत तो फारोखचा फ्रेडी झाला. त्याचा सांगीतिक कल हेरून मुख्याध्यापकांनी पालकांना कळविले आणि त्याचे पियानोचे शिक्षण सुरू झाले. 1958 च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यमेळ उभा केला. गंमत अशी, की त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारोख पियानोवर बसे आणि मागून सूर देई. या पाचांपैकी एक जण पुढे नेपाळच्या सैन्यात जनरलच्या हुद्द्याला पोहोचला. लता मंगेशकरांच्या गाण्याचाही त्या वयात फारोखवर संस्कार झाला, असे चरित्रकार नमूद करतात. तसे असल्यास मंगेशीच्या दीनानाथांचा एक दूरचा धागा लंडनपर्यंत जातो, असे म्हणण्याचा मोह गोमंतकीयाला आवरत नाही.

पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे, तो थोडक्यात सांगतो. 1963 मध्ये फारोख झांझिबारला परतला. जानेवारी 1964 मध्ये तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आले. विमानतळावर सामान वाहून नेण्याचे कामही त्याने काही काळ केले. ईलिंगच्या कलाशाळेतून त्याने 1969 मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’ या बँडचा गायक 1970 मध्ये सोडून गेला, तेव्हा फारोख त्या जागी आला. बँडचे नाव बदलून ‘क्वीन’ ठेवले ते त्यानेच, स्वतःला ‘मर्क्युरी’ हे आडनाव लावले तेही त्यानेच, आणि चौघांच्या राशींची चिन्हे गुंफून बँडचे बोधचिन्ह रेखाटले तेही याच पदविकाधारकाने. 1971 मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पूर्ण झाली. 1975 चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे; एवढे लांब गाणे रेडिओवर कोण वाजविणार, अशी शंका घेतली गेली. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 13 जुलै 1985 रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्ली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये सत्तर हजारांहून अधिक माणसे याच्या एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवीत होती. ते चित्रीकरण ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे.

व्यवसायबंधूंसाठी आवाजाविषयी दोन शब्द. फारोखच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते आणि त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. शाळेत त्यावरून चिडवाचिडवी होई. हाती पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत. आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती. स्वरतंतूंवर गाठी झाल्याने 1975 मधील अमेरिका दौऱ्यातील काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. युरोपीय संशोधकांनी 2016 मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलताना त्याच्या आवाजाची वारंवारता सुमारे 117 हर्ट्झ, म्हणजे तो मुळात खर्जाकडे झुकणारा. गाताना मात्र तो तारसप्तकात वावरे. स्वरांतील कंपही इतर गायकांपेक्षा जलद आणि अनियमित. दातांचा त्यात वाटा किती, हे आपल्या दंतवैद्य मित्रांनी सांगावे.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, तिकडे वळतो. 1987 मध्ये फारोखला एड्सचे निदान झाले. त्याच वर्षी अमेरिकेत झिडोव्हुडीनला मान्यता मिळाली होती; त्यापलीकडे वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. ‘क्वीन’सोबतचे त्याचे जाहीर कार्यक्रम 1986 च्या ऑगस्टनंतर बंद झालेलेच होते. त्याने दुखणे लपविले. बँडमधील सहकाऱ्यांनाही ते 1989 मध्ये कळले. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार दाराशी पाळत ठेवून असत. आतून तो झिजत होता आणि गातच होता. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे 1991 मध्ये त्याने उभे राहवत नसतानाही ध्वनिमुद्रणे केली. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे त्याच्याकडून झाले नाही. ते ब्रायन मे याने पुरे केले. 23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला आणि या रोगाविरुद्धच्या लढ्यात आपल्या डॉक्टरांसह सर्वांनी सामील व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी ब्राँकोन्यूमोनियाने तो गेला. वय अवघे 45. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

इतके दिवस का लपविले, असे अनेकांनी विचारले. मला तो प्रश्न कधीच पडला नाही, कारण आमच्या म्हापशात काय घडले ते मी विद्यार्थिदशेत पाहिले होते. फेब्रुवारी 1989 मध्ये डॉमनिक डिसोझा या नियमित रक्तदात्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. रोग म्हणजे काय हे त्याला नीट सांगण्यापूर्वीच त्याला ताब्यात घेतले गेले आणि म्हापशातील वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात 64 दिवस एकटे ठेवले गेले. त्या वेळचा आरोग्य कायदा तसे करू देत होता. त्याच्या आईने न्यायालयात धाव घेतली. पणजीच्या खंडपीठाने पुढे ती तरतूद वैधच ठरविली. डॉमनिक 1992 मध्ये वारला, तत्पूर्वी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्याच्या पुढाकाराने उभी राहिली होती. 2005 चा ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्याच कहाणीवरून सुचलेला.

वसतिगृहात आम्ही या प्रकरणावर तावातावाने बोललो. आणि तरीही पुढे प्रशिक्षणार्थी असताना, एका रुग्णालयात (त्याचे नाव येथे देत नाही), वरिष्ठांनी सांगितले म्हणून एका तरुणाच्या खाटेला लाल पुठ्ठ्याची पाटी मी माझ्या हाताने बांधली. पाटीवर काय लिहिले होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन्ही खाटा रिकाम्या झाल्या आणि जेवणाचे ताट दारातून सरकवून दिले जाऊ लागले. तो माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. फारोख गेल्याची बातमी आली ती त्याच सुमारास. माझ्या सासष्टीकर मित्राने फोनवर ती सांगितली, तेव्हा मला प्रथम आठवली ती पाटी.

एकत्रित औषधयोजना 1996 मध्ये आली. आपल्याकडे शासनाने एप्रिल 2004 पासून मोफत औषधे देण्यास आरंभ केला. 2017 च्या कायद्याने, जो सप्टेंबर 2018 पासून अमलात आला, संमतीवाचून तपासणी करणे वा निदान उघड करणे निषिद्ध ठरविले. आज गोळ्या नियमित घेणारा रुग्ण म्हातारपण पाहतो, संसार करतो. फारोखला आणखी पाच वर्षे मिळती तर, हा विचार मनात येतोच.

अशा रुग्णांपैकी एकाविषयी या लेखात चार ओळी लिहिण्याचे मनात होते. नाव-गाव बदलून एक परिच्छेद लिहिलाही होता. पत्नीला वाचून दाखविला. ती म्हणाली, “हो तर अमको न्हय मू?” मी तो कागद फाडून टाकला.