आरेखनासाठी सॉफ्टवेअर निवडताना

बालानगरच्या एका लहान कारखान्याला मी एकदा बेअरिंग ब्रॅकेटचे ड्रॉइंग करून दिले. कागद मोठा देखणा होता. परंतु चारही नग वाया गेले. तेलाचे छिद्र डाव्या अंगाऐवजी उजव्या अंगाला पडले होते.

झाले असे, की नव्या सॉफ्टवेअरमधला अमेरिकन नमुना मी तसाच वापरला होता. त्यात डावीकडून दिसणारे दृश्य डावीकडेच मांडले जाते. ही तिसऱ्या कोनाची पद्धत. भारतीय मानक ब्युरोच्या 'एसपी ४६' प्रमाणे आपल्याकडे पहिल्या कोनाची पद्धत आहे. तीत तेच दृश्य उजवीकडे येते. कारागिराने आपल्या रीतीने कागद वाचला. पद्धतीचे चिन्ह मी घातलेच नव्हते. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून 'कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?' असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो, 'ड्रॉइंग कोण वाचणार आहे?'

१९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' तयार केले. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि टी-स्क्वेअरचे काम पडद्यावर होऊ लागले. १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी घन वस्तू रचायची असते. दृश्ये त्यातूनच निघतात. एक माप बदलले की सर्व दृश्ये बदलतात.

तेव्हा पहिला विचार कामाचा. पत्रा कापायचा असेल तर द्विमितीय सॉफ्टवेअर पुरते. अनेक भाग एकमेकांत बसवायचे असतील तर त्रिमितीय हवे.

दुसरा विचार फाइलचा. सपाट आकारासाठी डीएक्सएफ आणि घन आकारासाठी स्टेप या फाइली बहुतेक ठिकाणी उघडतात. मात्र स्टेपमधून आकार जातो, तो घडविण्याच्या पायऱ्या जात नाहीत. पुढे दुसऱ्याला त्यात फेरफार करायचे असतील, तर दोघांकडे एकच सॉफ्टवेअर असलेले बरे.

तिसरा विचार पैशाचा. विद्यार्थ्यांसाठी मिळणाऱ्या मोफत आवृत्त्या शिकण्यापुरत्या असतात; त्यांवर धंद्याचे काम करता येत नाही. फ्रीकॅड विनामूल्य असून त्याला असे बंधन नाही.

विद्यार्थी मित्रांना एक कसोटी सुचवितो. कारखान्यातला एखादा खरा भाग घ्या, त्याचे ड्रॉइंग करा, कोनाचे चिन्ह घाला आणि कागद फिटरच्या हाती द्या. आपण गप्प राहून त्याला एवढेच विचारा, 'छिद्र कुठे पाडणार?' त्याने बरोबर जागी बोट ठेवले, तर आपले सॉफ्टवेअर चांगले.