‘आपणो किरण छूट्यो!’

१५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतवरील तहहयात बंदी रद्द केली. दुसऱ्या दिवशी पत्रांत ती बातमी आली, आणि कमाटीबागेत सकाळी फिरावयास येणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या मंडळीत सरळ दोन तट पडले. एक म्हणाले, “सुटला बिचारा, न्याय झाला.” दुसरे म्हणाले, “न्याय कसला? पैसे खाऊन खेळणाऱ्यांना आता मोकळे रान!” वाद इतका चढला की नेहमीच्या दोन फेऱ्यांपैकी एक त्या दिवशी झालीच नाही. दोघांनीही बातमी अर्धीच वाचली होती. न्यायालयाने श्रीशांतला निर्दोष म्हटले नव्हते. दोष कायम ठेवून शिक्षा तेवढी जास्त ठरविली होती, आणि ती किती असावी याचा तीन महिन्यांत फेरविचार करा, असे बोर्डाला सांगितले होते.

मी त्या वादात पडलो नाही. मला नानाकाका आठवले. तीस वर्षांपूर्वी, १९८९ च्या पावसाळ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर हाच वाद मी त्यांच्याशी घातला होता, आणि त्यात मी हरलो की जिंकलो हे मला अजून नीटसे ठरविता आलेले नाही.

ज्यांना ते प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात आपण चारपैकी तीन कसोट्या गमावल्या. दौरा आटोपल्यावर आपले खेळाडू अमेरिका-कॅनडात काही प्रदर्शनी सामने खेळले. बोर्डाला ते मान्य नव्हते. ऑगस्टमध्ये बोर्डाने सहाजणांना एक वर्षाची बंदी ठोठावली आणि इतरांना दंड केला. सकाळी ओट्यावर मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचीत होतो. दिलीप वेंगसरकर, कपिलदेव, रवी शास्त्री, महंमद अझरुद्दीन, अरुण लाल अशी पाच नावे एका दमात वाचली. सहाव्यापाशी आवाज अडखळला. किरण मोरे!

बडोद्यात त्या नावाचे काय मोल होते हे बाहेरच्यास सांगून कळावयाचे नाही. विजय हजारे आमचे, दत्ताजीराव गायकवाड आमचे, त्यांचे चिरंजीव अंशुमान आमचे. पण अंशुमानही निवृत्त झाल्यावर भारताच्या संघात कायमची जागा असलेला बडोद्याचा असा तो एकटाच उरला होता. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासच्या कसोटीत हिरवाणीच्या गोलंदाजीवर वेस्ट इंडीजचे गडी पुढे सरसावत होते आणि आमचा किरण मागच्या मागे बेल्स उडवीत होता. एका कसोटीत सहा यष्टिचीत, त्यांपैकी पाच एकाच डावात. असे पूर्वी कोणीही केले नव्हते. खंडेराव मार्केटात भाजी घेणाऱ्या बायकांनासुद्धा तो आकडा पाठ झाला होता.

आणि अडचण अशी की बोर्डही आम्हाला परके नव्हते. फत्तेसिंहराव महाराज १९६३ ते १९६६ या काळात त्या बोर्डाचे अध्यक्ष होते. ते नुकतेच, आदल्या वर्षी, निवर्तले होते. आमच्या वडील पिढीच्या मनात बोर्ड म्हणजे काहीसा दरबारच. दरबारातून हुकूम सुटला की तो मानावयाचा, मग तो घरच्या मुलावर का असेना.

नानाकाकांचे तर सारे आयुष्यच हुकूम आणि निकाल यांत गेलेले. ऐन तारुण्यात ते बडोदे संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयात कारकून म्हणून लागले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर त्यांची खुर्ची सूरसागरासमोरच्या न्यायमंदिरात गेली आणि तेथूनच ते सेवानिवृत्त झाले. (त्या न्यायमंदिरातल्या कचेऱ्या २०१८ मध्ये नव्या इमारतीत गेल्या आणि ते ओस पडले. त्या बाजूने गेले की मान आपसूक वर होते.)

मी तावातावाने म्हणालो, “नानाकाका, हा जुलूम आहे. आपल्या किरणचे एक वर्ष फुकट जाणार.”

“अरे, पण तो खेळला की नाही तिकडे?”

“खेळला.”

“बोर्डाची इच्छा नसताना?”

“हो, पण—”

“मग ‘पण’ कशाला? तू न सांगता आठ दिवस हापिसला दांडी मार, साहेब तुला पेढे देईल काय?”

मी गप्प. परंतु नानाकाका सुपारी कातरता कातरता मध्येच थांबले, आणि ज्या गोष्टीची मला मुळीच अपेक्षा नव्हती ती बोलले. “चूक त्यांची आहे. पण वर्ष फार झाले. खेळणाऱ्याचे वर्ष आणि कारकुनाचे वर्ष एक नव्हे.”

मग त्यांनी अमरनाथची गोष्ट सांगितली. १९३६ साली ते स्वतः अठरा वर्षांचे होते. इंग्लंडच्या दौऱ्यावर लाला अमरनाथ चांगला खेळत असता, विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार आणि मेजर ब्रिटन-जोन्स व्यवस्थापक यांनी बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीआधीच त्याला बोटीने घरी पाठविले. पुढे मुंबईच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि तीत अमरनाथवरचा ठपका पुसला गेला. “म्हणजे न्याय मिळाला,” मी म्हणालो. नानाकाका हसले. “मिळाला ना! पण त्या तीन कसोट्या कोणी परत दिल्या? मध्ये लढाई आली. आपला पुढचा कसोटी सामना झाला तो १९४६ साली. दहा वर्षे, बाबा, दहा वर्षे!”

बोर्डाविरुद्ध कोर्टात जाता येते, हेच मुळी पुष्कळांना तेव्हा ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते विलायतेतील पॅकर प्रकरणामुळे. ऑस्ट्रेलियाच्या केरी पॅकरने १९७७ मध्ये जगातील बडे खेळाडू आपल्या मालिकेसाठी करारबद्ध केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाने आणि इंग्लंडच्या मंडळाने त्यांच्यावर बंदी घालण्याचे ठरविले. टोनी ग्रेग, जॉन स्नो आणि माइक प्रॉक्टर लंडनच्या हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती स्लेड यांनी त्या वर्षीच्या २५ नोव्हेंबरला निकाल दिला की ही बंदी म्हणजे माणसाच्या धंद्याला घातलेली अवाजवी आडकाठी आहे. नानाकाकांना ग्रेगचे कौतुक नव्हते, पण निकालाचे होते. “आपल्याकडेही आहे ते. १८७२ चा करार कायदा, कलम २७. माणसाला धंदाच करू न देणारा करार फोल.” तीस वर्षे फायली बांधलेल्या माणसाचे ते पाठांतर होते. आजोबांची पोथी जशी, तशी त्यांची कलमे.

एका गोष्टीवर मात्र ते ठाम होते. कोर्टाने आत शिरावे तरी किती? “पंचाने पायचीत दिले म्हणून उद्या कोणी अपील करील!” असे ते म्हणावयाचे. हा प्रश्न पुढेही सुटला नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी म्हटले की बोर्ड हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नव्हे, दोघांनी म्हटले आहे. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की बोर्ड सार्वजनिक काम करते, म्हणून ते न्यायालयाच्या आवाक्याबाहेर नाही. नानाकाका असते तर दोन्ही निकालपत्रे मागवून घेतली असती.

त्या वर्षीचे गणपती असे बंदीच्या सावटाखाली आले. आरतीनंतर प्रसाद वाटताना विषय तोच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्याचे कळले तेव्हा आमच्या आळीतील ज्या लोकांनी आयुष्यात न्यायमंदिराची पायरी चढली नव्हती, तेही ‘स्टे’, ‘रिट’ असे शब्द बोलू लागले. वेंगसरकरचे काय, कपिलचे काय, ही चौकशी शिष्टाचारापुरती. खरा सवाल एकच, आमचा किरण केव्हा खेळणार?

आणि एके दिवशी मी कचेरीतून परतत असता राजमहाल रोडवरचा शेवउसळवाला मला पाहून झारा हातात धरूनच ओरडला, “भाई, सांभळ्युं? आपणो किरण छूट्यो!” जणू तुरुंगातूनच! प्रकरण न्यायालयात असतानाच बोर्डाने नमते घेऊन सहाहीजणांवरची बंदी उठविली होती. शेवउसळवाल्याने त्या दिवशी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. आमचे मराठी ओटे आणि त्याची गुजराती गाडी यांत एरव्ही खेळावरून चिडवाचिडवी चाले. त्या संध्याकाळी दोघांचा एकच जयजयकार होता.

मी पेढे घेऊन घरी गेलो. नानाकाकांनी पेढा घेतला, पण बोलले ते असे: “हे पाहा, तो चुकला नव्हता असे अजून कोणीच म्हटलेले नाही. वेळेवर सुटला, इतकेच. पण तेच मोठे.”

वेळेवर म्हणजे काय ते दोन महिन्यांत कळले. १५ नोव्हेंबरला कराचीत पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली. सोळा वर्षांचा तेंडुलकर तीत प्रथमच उतरला, म्हणून ती आज सर्वांच्या लक्षात आहे. आमच्या घरात ती वेगळ्या कारणाने लक्षात आहे. तेंडुलकर खेळावयास आला तेव्हा ४१ धावांत चार गडी गेले होते. इम्रान, अक्रम आणि नवा वकार समोर. तेथून डाव सावरला तो शास्त्री, कपिल आणि मोरे या तिघांनी, आणि तिघेही बंदीच्या यादीतले! कपिलने ५५ केल्या, आणि ती त्याची शंभरावी कसोटी होती. किरण ५८ वर नाबाद राहिला. आपला डाव २६२ पर्यंत पोहोचला. त्याच सामन्यात अझरुद्दीनने एका डावात पाच झेल घेतले, आणि पुढल्या फैसलाबादच्या कसोटीत शतक ठोकले. मालिका चारही सामने बरोबरीत सुटून संपली. बंदी कायम असती तर त्या कराचीच्या धावफलकाचे काय झाले असते, ते ज्याने त्याने मनाशी मांडून पाहावे.

पण सहांपैकी एकाचे नाव या हकिगतीत पुन्हा येत नाही. अरुण लालवरचीही बंदी उठली. तरी तो भारताकडून पुढे एकही कसोटी खेळला नाही. निवड समितीने त्याला घेतले नाही, आणि निवड न होण्यावर कोणत्या कोर्टात दाद मागावयाची? बडोद्यात त्याच्यासाठी कोणी हळहळल्याचे मला स्मरत नाही. माझ्याही तोंडी त्याचे नाव आले नव्हते, हे आज लिहिताना जाणवते.

पुढले निकाल आले ते उशिरा आले. डिसेंबर २००० मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात अजय जडेजाला पाच वर्षांची आणि अझरुद्दीनला तहहयात बंदी झाली. जामनगरच्या राजघराण्यातला हा जडेजा दिल्ली हायकोर्टात गेला आणि जानेवारी २००३ मध्ये सुटला. रणजी खेळला, पण भारताची टोपी पुन्हा मिळाली नाही. अझरुद्दीनची बंदी आंध्र प्रदेश हायकोर्टाने ८ नोव्हेंबर २०१२ रोजी बेकायदा ठरविली. तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. हैदराबादेत पेढे वाटले गेलेही असतील. पण ते पेढे कोणत्या सामन्यासाठी? श्रीशांतचे तसेच. फेरविचारात त्याची शिक्षा सात वर्षांवर आली, ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि २०२१ च्या आरंभी केरळकडून तो पुन्हा खेळला तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

आमच्या किरणचे आणि बोर्डाचे नाते मोठे मजेदार राहिले. पुढे तो बोर्डाच्याच निवड समितीचा अध्यक्ष झाला. मग २००७ मध्ये बोर्डाला नको असलेली इंडियन क्रिकेट लीग निघाली तेव्हा कपिलदेवबरोबर तिच्या कारभारी मंडळात जाऊन बसला. त्याच मंडळात आणखी एक गृहस्थ होते टोनी ग्रेग, लंडनच्या हायकोर्टात जिंकलेले तेच! त्या लीगमध्ये खेळणाऱ्यांवर बोर्डाने दारे बंद केली आणि २००९ मध्ये माफी देऊन ती पुन्हा उघडली. माफी मिळालेल्यांपैकी अंबाती रायुडू पुढे बडोद्याकडून खेळू लागला, तेव्हा शेवउसळवाल्याच्या मुलाने मला विचारले, “काका, आ पण छूटेलो छे?”

नानाकाकांची एक गोष्ट सांगावयाची राहिलीच. जुलै १९९० मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत ग्रॅहम गूच ३६ वर असता किरणच्या हातून त्याचा झेल सुटला, आणि गूचने पुढे ३३३ केल्या. ओट्यावर सुतकी शांतता होती. नानाकाकांनी चष्मा पुसला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, बोटांवर महिने मोजले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ऑगस्ट ते ऑगस्ट. कोर्टात गेलेच नसते, तर हा झेल दुसऱ्या कोणी सोडला असता रे!”