सोमवारची तपासणी

शाळेची तपासणी जवळ आली की काय चालते, हे आम्हा दोघा शिक्षक नवरा-बायकोला चांगले ठाऊक आहे. भिंतींवर नवे तक्ते, वह्यांना नवी कव्हरे, आणि साहेब गेले की सारे पूर्वीसारखे. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत इंग्लंडला भाईजानकडे गेलो आणि ते म्हणाले, "सोमवारी कौन्सिलची तपासणी आहे, जरा हात लावा," तेव्हा आम्हाला झाडलोटच डोळ्यांसमोर आली.

आपल्या कोकणातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांप्रमाणे भाईजानही वर्षानुवर्षे तिकडेच आहेत. राहत्या घराजवळच त्यांचे दुसरे जुने घर आहे. तिथे चार विद्यार्थी राहत होते. यंदा आपल्या रत्नागिरीकडचा एक मुलगा आला आणि भाभींच्या शब्दावरून त्याला माळ्यावरची खोली मिळाली. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात राहून स्वयंपाकघर, बाथरूम सामाईक वापरत असतील, तर मालकाला लायसन्स घ्यावे लागते. पाचव्यामुळे ते भाईजानना लागू झाले.

शनिवारी कामाला लागलो. जिन्याखाली सायकली आणि बुटांचा ढीग होता. रात्री धूर झाला तर याच वाटेने पाच जणांनी पळायचे! स्वयंपाकघराचा जाड दरवाजा आगीला काही वेळ अडवणारा असतो. तो आपोआप मिटला पाहिजे. मुलांनी तो दहा किलो बासमतीची पोती लावून कायमचा उघडा ठेवला होता. धुराच्या अलार्ममधली बॅटरी काढलेली. का, तर फोडणी दिली की वाजतो! प्रत्येक मजल्यावर एक अलार्म तिथे कायद्यानेच लागतो. भाईजाननी इलेक्ट्रिशियन बोलावून, एक वाजला की सगळे वाजतील, असे अलार्म बसवले. पुढच्या दाराला आतूनही किल्ली लागत होती. तिथे नुसते फिरवून उघडणारे कुलूप आले. बॉयलरची दरवर्षी होणारी तपासणी आणि वायरिंगचा पाच वर्षांनी घ्यायचा दाखला हे कागद मात्र फाईलमध्ये होते.

खरा प्रश्न माळ्यावर निघाला. एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला निदान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट जागा हवी. खोली 3.4 बाय 2.6 मीटर, म्हणजे 8.84. भाईजान खूश. पण जिथे छत दीड मीटरपेक्षा खाली येते, ती जमीन मोजत नाहीत. उताराखालचा मीटरभर पट्टा वजा केला आणि उरले 6.24.

"एवढ्याशा फरकासाठी कोण टेप लावून बसणार?" भाईजान म्हणाले.

मुलगा दारातच उभा होता. तो घाईघाईने म्हणाला, "चाचा, मला चालते. मी काही बोलणार नाही." दुसरीकडे एवढ्या भाड्यात खोली मिळणार नाही, हीच त्याची भीती. आम्हाला त्याचे ते बोलणे फार लागले. आमच्या वर्गातही वह्या नसलेली मुले असेच "चालेल सर" म्हणतात.

भाभी एवढेच म्हणाल्या, "आपला मुलगा असता तर इथे झोपवला असता का?"

खाली रस्त्याकडची एक मोठी खोली भाईजानच्या जुन्या सोफ्यांनी आणि बॅगांनी भरलेली होती. रविवारचा अख्खा दिवस ती रिकामी करण्यात गेला. भाईजानचा प्रत्येक खुर्चीवर जीव! संध्याकाळी मुलाची गादी खाली आली. खोली मोठी, म्हणून भाडे वाढवायचे का, यावर रात्री बरीच चर्चा झाली. आमचे मत कोणी विचारले नाही, पण भाभींनी ते आहे तेवढेच ठेवायला लावले.

सोमवारी अधिकारी बाई आल्या. भिंतींच्या रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. अलार्म दाबले, दरवाजे सोडून ते आपोआप मिटतात का पाहिले, आणि माळ्यावर खरोखरच टेप काढली. "इथे कोण झोपते?" "कोणी नाही, सामान असते," भाईजान म्हणाले. ते खरेच होते, कारण उरलेल्या बॅगा आम्हीच वर चढवल्या होत्या. माळ्याच्या जिन्याचा कठडा हलत होता, तेवढा घट्ट करायला त्यांनी सांगितले.

घरी परतल्यावर आम्ही आधी स्वतःची वरची खोली पाहिली. ती आम्ही डी.एड.च्या दोन मुलींना भाड्याने देतो. बाथरूममध्ये गॅसचा गीझर आणि झरोका पुठ्ठ्याने बंद. थंडीत वारा येतो म्हणून आम्हीच लावलेला. त्या गॅसमधून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. पुठ्ठा त्याच दिवशी काढला. गीझर बाहेरच्या भिंतीवर हलवायला प्लंबर शुक्रवारी नमाजनंतर येतो म्हणाला आहे.