सेन्सर बदलण्याआधी

मुंबई-गोवा महामार्गावर कासूच्या आसपास खड्ड्यांनी हादरलेली, टर्बोचं प्रेशर वाढवलेली गाडी काळा धूर सोडू लागली की पहिला संशय ऑक्सिजन सेन्सरवर. बिचारा बहुतेकदा खरंच सांगत असतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. (इथेनॉल मिसळलं की थोडी कमी.) एक्झॉस्टमधला झिरकोनियाचा सेन्सर तापला की उरलेला ऑक्सिजन ओळखतो: पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडलं तर ०.१. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन कमी-जास्त करतो.

टर्बोपुढचा होज सैल असेल, तर एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते आणि पेट्रोल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने पडतं. उलट, ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन उरलेला दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली दुरुस्ती, पाहा. पहिल्यात उणे, दुसऱ्यात अधिक.

ट्रिम उणे असेल तर मग इंजिन बंद ठेवून, होजमध्ये हलक्या दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे येतील तिथला क्लॅम्प आवळायचा.