सिसिलीच्या पश्चिम टोकाला

ऑगस्टची सुट्टी संपली की इटलीतली किनाऱ्यावरची गावं सुस्तावतात. सिसिलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या सान व्हितो लो कापोत मात्र सप्टेंबरात पुन्हा पाय ठेवायला जागा उरत नाही. मोन्ते मोनाको डोंगराच्या पायथ्याशी पांढरीशुभ्र पुळण, कोमट निळं पाणी आणि सगळीकडे उकडत्या रव्याचा वास. १९९८ पासून इथे कुसकुसचा महोत्सव भरतो. इटलीतल्या स्वयंपाक्यांसमोर स्पर्धेला ट्युनिशिया, मोरोक्को, अगदी सेनेगलचेही स्वयंपाकी उभे राहतात.

कुसकुस, म्हणजे रव्याचे वळून वाफवलेले बारीक दाणे, मूळचा उत्तर आफ्रिकेचा. तो इथे कसा रुळला, हे नकाशा पाहिला की कळतं. ट्युनिशियाचा किनारा सिसिलीपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. ८२७ मध्ये अरब फौजा माझारा देल व्हालोजवळ उतरल्या आणि ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं. त्यांच्यासोबत लिंबाच्या बागा आल्या, ऊस आला, पाटाच्या पाण्याची शेती आली. माझारा आजही मासेमारीचं मोठं बंदर आहे, तिथली लाल कोळंबी नावाजलेली आहे. बोटींवर काम करायला गेल्या शतकात आलेली ट्युनिशियन कुटुंबं कसबाह या जुन्या अरब वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत राहतात. इतिहास पुस्तकात न वाचता ताटात वाढून घ्यायचा असेल, तर या किनाऱ्यासारखी जागा नाही.

याच भागातल्या त्रापानी शहराच्या घरांत कुसकुस करणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पसरट मातीच्या परातीत मूठभर रवा टाकायचा, बोटं मिठाच्या पाण्यात बुडवून तो गोल गोल फिरवत राहायचा. हळूहळू बारीक दाणे वळले जातात. मग कांदा, तमालपत्र घालून ते चाळणीसारख्या मातीच्या भांड्यात वाफवायचे. वाफ निसटू नये म्हणून दोन भांड्यांमधली फट कणकेच्या पट्टीने लिंपून टाकतात. शेवटी वरून माशांचा गरम रस्सा ओतून भांडं लोकरीच्या चादरीत गुंडाळून ठेवायचं. तासाभरात दाणा न् दाणा रस्सा पितो आणि तरी मोकळाच राहतो. अशी निगुतीची पाककृती हॉटेलच्या घाईत सापडत नाही, म्हणून महोत्सवातले हाताने वळून दाखवण्याचे वर्ग चुकवू नयेत.

त्रापानी ते मार्साला या रस्त्याला मिठागरं लागतात. पवनचक्क्या, मिठाच्या ढिगांवर रचलेली कौलं, उथळ पाण्यात फ्लेमिंगो. संध्याकाळ इथेच काढावी.

सान व्हितोच्या दक्षिणेला झिंगारो. इथे किनाऱ्यालगत मोटाररस्ता होणार होता. काम सुरूही झालं होतं. मे १९८० मध्ये त्याच्या विरोधात हजारो लोक चालत निघाले, काम थांबलं आणि १९८१ मध्ये सिसिलीचं पहिलं संरक्षित निसर्गक्षेत्र जाहीर झालं. अर्धवट रस्त्यासाठी खोदलेला बोगदा अजून तिथेच आहे. आत गाडी नाही, हॉटेल नाही. सातेक किलोमीटरची पायवाट, खुजे ताड आणि खाली उतरलं की गोट्यांच्या लहान लहान खाड्या. पाणी सोबत न्यावं. उन्हाळ्यात वणवा लागला तर वाट बंद होते, तेव्हा आधी चौकशी करावी.

वाट संपते ती स्कोपेल्लोजवळ. तिथे ‘पाने कुन्झातो’ मिळतो. गरम पावात टोमॅटो, चीज, ओरेगानो आणि भरपूर ऑलिव्ह तेल. त्यात खारवलेले अँकोव्ही मासेही घालतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने ते नकोत असं पाव कापण्याआधीच सांगावं.