चौकातली खोली की टॉवरमधले घर?

— द्वितीय वर्ष, कला शाखा

शहराची थोरवी सांगताना आपण सहसा लोकसंख्या, इमारतींची उंची आणि जमिनीचा भाव या तीन गोष्टी पुढे करतो. चौथी एक गोष्ट असते. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शाळा, गिरणी, भाजीबाजार, दवाखाना, कामाचे ठिकाण ही माणसाची रोजची ठिकाणे घरापासून पायी गाठता येतात की नाही, ही ती गोष्ट होय. ज्याच्या दाराशी गाडी उभी आहे त्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. ज्याच्या महिन्याच्या हिशेबात रिक्षाचे पैसेही लिहिले जातात, त्याला तो तसा वाटणार नाही.

प्रस्तुत लेखात बेलापूरच्या 'आर्टिस्ट व्हिलेज' या वसाहतीचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या वसाहतीत माझे आईवडील, धाकटी बहीण आणि मी गेली सात वर्षे वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहतो. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. आई वसाहतीतल्याच चार घरी स्वयंपाक करते. आता येथून बरेच दूर, एका नव्या टॉवरमध्ये, स्वतःचे छोटे घर घ्यावे की नाही, याची चर्चा आमच्याकडे चालू आहे. त्यामुळे हा विषय मला केवळ भूगोलाच्या प्रकल्पापुरता राहिलेला नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मुंबई बेटावर गर्दी मावेनाशी झाली तेव्हा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. राज्याचा कारभारच नव्या शहरात आणावा, म्हणजे त्याच्या मागून नोकऱ्या येतील, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले. वाशीपर्यंत लोकल गाडी यायला १९९२ साल उजाडले, आणि त्या मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला. घरे आधी, गाडी नंतर आणि नोकऱ्या त्याहून नंतर, असा हा उलटा क्रम होता. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत कोरियांनीच सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात उभारली. तिची रचना समजायला सोपी आहे. सात घरे एका चौकाभोवती मांडलेली. चौक सुमारे ८ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरे, मिळून १२ मीटरचा मोठा चौक. त्यांचे पुन्हा तीन गट मिळून २० मीटरचे मैदान. असे करीत करीत आपण मधल्या ओढ्याकाठच्या सार्वजनिक जागेपर्यंत येतो. आपल्या वाडीत जसे आधी अंगण, मग आळी, मग देवळापुढचे पटांगण लागते, तसाच हा प्रकार आहे.

भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. म्हणजे सर्वांत मोठा भूखंड सर्वांत लहानाच्या दुपटीइतकाही नाही. लहान आणि मोठ्या मिळकतीच्या माणसांना जवळजवळ सारखी जमीन द्यावी, हा त्यामागचा हेतू. दुसरे म्हणजे, प्रत्येक घर स्वतंत्र उभे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. हातात पैसे आले की एक खोली वाढवावी, त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागू नये, हा विचार. मूळची घरे पांढऱ्या चुन्याची, कौलारू, साध्या गवंड्यालाही बांधता येतील अशी होती.

बैठ्या घरांत माणसे मावतात किती, असा प्रश्न येथे साहजिकच निघतो. सुमारे ५.४ हेक्टर जागेत ५५० कुटुंबे. कुटुंबात पाच माणसे धरली तर हेक्टरी पाचशेच्या आसपास माणसे होतात. लिफ्ट न लावता ही दाटी साधली आहे. मग टॉवर बांधून आणखी किती मावतील? मी एक साधे गणित मांडून पाहिले.

समजा, एका माणसामागे शाळा, रस्ता, मैदान यांसाठी ८ चौरस मीटर जागा ठेवली आणि घराच्या भूखंडापैकी १२ चौरस मीटर त्याच्या वाट्याला आले. एकूण २० झाले. म्हणजे हेक्टरी ५०० माणसे. आता घरावर घर चढवले, तर भूखंडाचा वाटा ६ वर येईल. पण शाळा आणि मैदान काही निम्मे होत नाही. ८ आणि ६ मिळून १४. म्हणजे हेक्टरी सुमारे ७१४ माणसे. मजले दुप्पट, माणसे मात्र दीडपटही नाहीत. एकावर एक आठ घरे रचली तरी आकडा १,०५० च्या आसपास, म्हणजे दुपटीहून थोडासाच अधिक भरतो. याहून जास्त माणसे कोंबायची तर शाळा आणि मैदान यांतून कापावे लागते. टॉवर जागा वाचवतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो ती कुणाच्या खेळातून वाचवतो, हेही पाहायला हवे.

आता गुण सांगते. आई चार घरी जाऊन येते ती सारी पायी. दुपारी मध्ये येऊन ती बहिणीला जेवायला वाढते. बहिणीची शाळा दहा मिनिटांवर. माझे महाविद्यालय चालत वीस मिनिटांवर. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. बारावीनंतर 'पुढे कशाला' असा सूर निघाला, तेव्हा माझ्या बाजूने बोलायला टक्केवारीपेक्षा हे अंतरच अधिक उपयोगी पडले. भाड्याचा खर्च नव्हता आणि वाटेवर ओळखीची माणसे होती. चौकात लहान मुलांवर कुणा ना कुणा आजीची नजर असते. माझ्या आईला ताप आला तेव्हा समोरच्या काकूंनी दोन दिवस आमचा डबा केला. हे कुठल्याही नकाशात काढलेले नाही. परंतु दारे एकमेकांसमोर काढली आहेत म्हणून ते घडते.

अवगुणही तितकेच खरे आहेत. समोरासमोरची दारे मदत करतात तशी पाळतही ठेवतात. ग्रंथालयातून परतायला साडेआठ झाले की तीन खिडक्यांतून चौकशी होते. माझ्या भावाच्या वयाच्या मुलांची ती होत नाही. मूळ चौक माणसांसाठी होते. आता त्यांत मोटारसायकली उभ्या असतात, आणि जेथे मोटार शिरू शकते तेथे ती शिरली आहेच. घर वाढवण्याची मोकळीक दिली, ती लोकांनी पुरेपूर घेतली. कौले जाऊन स्लॅब आले. आमच्या चौकातल्या सातांपैकी चार घरांवर मजले चढले आहेत आणि खालच्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागतो. अर्थात हे बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. कारण तो वाढीव मजला नसता, तर आमच्यासारख्या भाडेकरूला येथे खोलीच मिळाली नसती.

शिवाय पायी चालण्याची सोय वसाहतीच्या आत आहे, बाहेर नाही. स्टेशनला जायला बस किंवा रिक्षा लागते. वडील पहाटे अंधारात निघतात. त्यांच्या दृष्टीने ही वसाहत इतर कोणत्याही उपनगरासारखीच आहे. नोकऱ्या मागाहून आल्या असे वर म्हटले, त्याचा अर्थ हा. घरांचा नकाशा एका वास्तुविशारदाला काढता येतो. कामधंद्याचा नकाशा त्याच्या हातात नसतो.

आणखी एका हिशेबाशिवाय तुलना अपुरी राहील. हे नियोजित शहर मोकळ्या जमिनीवर उभे राहिलेले नाही. ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी निश्चित झाल्या. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसांना मिळणारा मोबदला अपुरा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आर्टिस्ट व्हिलेजची घरे उभी राहत होती, तीच ही वर्षे. आज आपण सुखाने पायी चालतो, त्या वाटेखाली कुणाचे तरी खाचर आहे, एवढे भान ठेवायला हवे.

आता घरचा हिशेब. सध्या भाडे ९,००० रुपये. टॉवरमधल्या घराचा हप्ता १६,००० आणि देखभालीचे २,०००. म्हणजे खर्च महिना ९,००० ने वाढणार. हे सर्वांना दिसते. न दिसणारे असे : आईला चार घरांचे मिळून १४,००० मिळतात. तेथून दोन बस बदलून यायचे तर दोनच घरे होतील, ७,००० गेले. जाण्यायेण्याचे रोज ६० रुपये. सव्वीस दिवसांचे १,५६०. दोन्ही मिळून ८,५६० होतात. दिसणाऱ्या वाढीएवढीच जवळजवळ न दिसणारी वाढ! माझे आणि बहिणीचे भाडे यात धरलेलेच नाही.

मी हा कागद घरी वाचून दाखवला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पायी लांब पडंल, पर दार आपलं असंल." तिचेही म्हणणे खोटे नाही. अकरा महिन्यांचा करार संपत आला की तिला झोप लागत नाही. आज भरलेला हप्ता उद्या आपल्या नावावर राहतो. भाडे राहत नाही. वडिलांनी निर्णय दिवाळीनंतर ठेवला आहे.

माझे मत मी त्यांना सांगितले आहे. माझी पदवी आणि बहिणीची दहावी होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, येथेच थांबावे. तोवर आईची चार घरे टिकतील आणि साठवण थोडी वाढेल. परंतु हा आमच्यापुरता तोडगा झाला. या वसाहतीवरून मला जे शिकता आले ते असे की, दाट आणि पायी चालण्याजोगी वस्ती बांधणे अशक्य नाही, फार खर्चाचेही नाही. अवघड आहे ते तेथे काम करणाऱ्या माणसाला तेथेच टिकू देणे. त्यासाठी वसाहत आखतानाच परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या राखून ठेवाव्यात, त्यांचे करार अकरा महिन्यांपेक्षा लांब असावेत आणि चौकातून मोटारी बाहेर काढाव्यात, असे मला वाटते. आज जवळचे काम आणि स्वतःचे दार या दोहोंतून गरीब माणसाला एकच काही निवडावे लागते. ज्या शहरात त्याला दोन्ही मिळतील, ते शहर नियोजित म्हणवून घेण्यास खरोखर पात्र ठरेल.