नाव खोडलं, बंड्या बसलेलाच!

घरात एखादा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा पडून आहे का? कपाटाच्या वरच्या खणात, चार्जरच्या वायरींच्या गुंत्यात शोधा. सापडला तर एक गंमत करा. तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, कशाचाही; फिरणाऱ्या पंख्याचाही चालेल. मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबा. कॅमेरा विचारेल, नक्की पुसू का? ‘हो’ म्हणा. झालं! पापणी लवायच्या आत व्हिडिओ गायब.

आता जरा हिशेब लावा. लिहायला तीन मिनिटं, आणि पुसायला नुसता एक क्षण? एवढं मोठं खोडरबर त्या चिमुकल्या डबीत आलं कुठून?

आलंच नाही. कॅमेऱ्याने तो व्हिडिओ पुसलेलाच नाही. चक्क थाप मारली त्याने!

असं समजा, बाईंनी हजेरीपटातून बंड्याचं नाव खोडलं. पण बंड्या वर्गातून उठलेला नाही. तिसऱ्या बाकावर मजेत शेंगा खात बसलाय. बाई मात्र वर्गाकडे बघतच नाहीत, फक्त हजेरीपट बघतात. त्यांच्या लेखी तिसरा बाक रिकामा! उद्या नवी मुलगी आली की बाई तिला सांगणार, “जा, तिसऱ्या बाकावर बस.” बंड्याला उठावं लागेल ते तेव्हा.

मेमरी कार्डावरही असाच हजेरीपट असतो. तो ठेवण्याच्या पद्धतीचं नाव आहे फॅट. (हसा, हसा.) तिची सुरुवात मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ साली झाली, डिजिटल कॅमेरे दुकानात यायच्या कितीतरी आधी. या हजेरीपटात प्रत्येक फोटोला एक ओळ मिळते, बरोब्बर ३२ बाइटची. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी कुठलाही एक आकडा मावेल एवढी जागा. त्या ३२ जागांत फोटोचं नाव, तारीख, वेळ, आकार आणि फोटो कुठून सुरू होतो, हे सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं.

आता भिंग घेऊन एकच ओळ बघू. फोटोचं नाव आहे ‘आयएमजी_००४२’. संगणकाच्या भाषेत इंग्रजी ‘आय’ या मोठ्या अक्षराचा आकडा आहे ७३. म्हणजे ओळीतला पहिला बाइट ७३. तुम्ही कचऱ्याचा डबा दाबलात की कॅमेरा तिथे ७३ च्या जागी २२९ लिहितो. २२९ चा अर्थ ‘ही ओळ रद्द’. पुढचं ‘एमजी_००४२’ जसंच्या तसं! म्हणूनच अशी पुसलेली नावं परत शोधणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसायचं. बंड्याचा नुसता ‘ड्या’ उरावा, तसं.

आणखी एक काम कॅमेरा करतो. कार्डाची जागा लहान लहान खणांत वाटलेली असते. खण ३२ केबीचा असेल तर ४ एमबीच्या फोटोला १२८ खण लागतात. कुठले खण भरलेले आणि कुठले मोकळे, याचा वेगळा तक्ता असतो. त्यात या १२८ खणांपुढे शून्य पडतं. बस्स. खणांच्या आतल्या फोटोला कुणी बोटही लावत नाही.

मग तो परत मिळेल? बऱ्याचदा मिळतो! पण अट एकच: त्यानंतर त्या कार्डावर नवा फोटो काढायचा नाही. एकही नाही. कॅमेरा बंद करायचा, कार्ड बाहेर काढायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाला संगणकापाशी बसवायचं. फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. तो हजेरीपटाकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ वर्गात शिरून बाकाबाकावर डोकावतो. जेपीईजी फोटोची सुरुवात नेहमी २५५, २१६ या जोडीने होते आणि शेवट २५५, २१७ ने. ही जोडी दिसली की प्रोग्रॅम ओळखतो, इथे कुणीतरी बसलंय. मधल्या काळात तुम्ही नवे फोटो काढले असतील, तर मात्र पंचाईत. कधी कधी अर्धाच फोटो हाती लागतो: वर आजीचं कपाळ आणि डोळे, नाकापासून खाली नुसता करडा पट्टा.

पण मग कॅमेरा एकदाच नीट का पुसत नाही? आळस? नाही, त्यात शहाणपण आहे. कार्डाच्या आत फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि त्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. कुठल्या कप्प्यात किती इलेक्ट्रॉन, यावरून आकडा ठरतो. बॅटरी काढली तरी ते वर्षानुवर्षं आतच. पण गोम अशी, की एकट्यादुकट्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन बाहेर काढता येत नाहीत. मोठा गठ्ठाच्या गठ्ठा एकदम रिकामा करावा लागतो. त्यात वेळ जातो, बॅटरी खर्च होते आणि दर वेळी कप्पे थोडे झिजतात. त्यापेक्षा नाव खोडा आणि मोकळे व्हा!

आता बटणांतला दुसरा गडी. फोटो बघताना मेनूत ‘प्रोटेक्ट’ सापडेल, बहुधा किल्लीच्या चित्रासह. ते निवडलं की फोटोच्या कोपऱ्यात चिमुकली किल्ली उमटते. वाटतं, फोटो तिजोरीत गेला! प्रत्यक्षात त्याच ३२ बाइटच्या ओळीत, नावानंतरच्या बाराव्या बाइटमध्ये, एक आकडा बदलतो. सहसा तिथे ३२ असतो, तो ३३ होतो. एकाने वाढ, एवढंच कुलूप. पण कॅमेरा ते इमानदारीने पाळतो. डिलीट म्हटलं तरी ऐकत नाही. ‘सगळे पुसा’ म्हटलं तरी किल्लीवाले सोडून बाकीचे पुसतो. याचा मस्त फायदा होतो. सहलीच्या तीनशे फोटोंतले चांगले वीस ठेवायचे असतील, तर दोनशे ऐंशी वेळा कचऱ्याचा डबा दाबत कोण बसणार? वीस किल्ल्या लावा आणि बाकीचे एका दमात उडवा.

मात्र ‘फॉरमॅट’पासून सावध! फॉरमॅट म्हणजे नवा कोरा हजेरीपट. जुन्यात ३२ होता की ३३, हे बघण्याच्या फंदात कॅमेरा पडतच नाही. किल्लीवाले फोटोही त्याबरोबर जातात. आणि तरीसुद्धा साध्या फॉरमॅटनंतर बरेचसे बंड्या बाकावरच असतात. म्हणून जुनं कार्ड कुणाला देऊन टाकताना नुसतं फॉरमॅट पुरत नाही. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असतं, ते वापरा. नसेल तर पंख्याचा व्हिडिओ कार्ड गच्च भरेपर्यंत चालू ठेवा आणि मग फॉरमॅट करा.

खरंखुरं पुसलं तर काय होतं, ते नासाला विचारा. १९६९ साली अपोलो ११ मधून माणूस चंद्रावर उतरला. तिथून आलेलं चित्रण ज्या मूळ चुंबकीय टेपांवर उतरवलं होतं, त्या पुढे टेपांची टंचाई झाली तेव्हा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं नासाने २००९ मध्ये सांगितलं. बरं, टीव्हीवर दाखवलेल्या चित्रणाच्या प्रती शिल्लक होत्या. नाहीतर कठीण होतं!

त्या टेपांना कुणी किल्ली लावली नव्हती. पण तुमच्या आईबाबांच्या लहानपणीच्या गाण्याच्या कॅसेटला किल्ली होती बरं का. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन इवलेसे दात असायचे. दात मोडला की त्या बाजूवर नवं काही टेप करता यायचं नाही. कारण टेपरेकॉर्डरमधली एक कांडी तिथे चाचपून बघायची आणि खड्डा लागला की रेकॉर्डचं बटण खाली जायचंच नाही.

तुमच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला जो सरकता खटका आहे ना, तो त्या दाताचा नातूच. त्याला आत एकही तार जोडलेली नाही. कार्डाला पत्ताच नसतो, आपण कुलूपबंद आहोत याचा! कॅमेराच खटका चाचपतो, आणि तो ‘लॉक’कडे असेल तर फोटो काढायलाही नकार देतो. खटका तुटून पडला, तरी खाच मोकळी दिसते म्हणून कॅमेरा हटूनच बसतो. त्यावरचा उपायही कॅसेटवाल्यांनी आधीच शोधून ठेवलाय: खाचेवर सेलोटेपचा एक पातळ तुकडा, नीट घट्ट दाबून.